ड्यूई, जड, टायलर, ब्लूम यांचा शिकागोतला शिक्षण विभाग बंद का पडला?

एम.एड.च्या एका विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा: "ड्यूई, जड, टायलर, ब्लूम ही सगळी नावं आम्ही वेगवेगळ्या पेपरांत वाचतो. ही सगळी माणसं एकाच विभागातली, शिकागो विद्यापीठाच्या शिक्षण विभागातली, हे अलीकडे कळलं. तो विभाग २००१ साली बंद झाला म्हणतात. एवढा मोठा विभाग बंद का पडला? आणि तो टिकला नसेल, तर त्याचं सगळं आपण अजून का शिकतो?"

माझं उत्तर थोडक्यात सांगतो आणि मग तपशिलात जातो. हा विभाग शाळेला धरून उभा राहिला होता. शाळेशी असलेलं नातं सैल होत गेलं तसा तो विद्यापीठातल्या इतर सामाजिक शास्त्रांच्या रांगेत जाऊन बसला आणि शेवटी त्यांच्याच मापाने मोजला गेला. आपल्याकडे महाराष्ट्रात त्या विभागाचं जे आलं, ते आणखी पुढच्या टप्प्यावरचं: शाळा मागे राहिली, तक्ते आले. म्हणून प्रश्नाचे दोन्ही भाग एकमेकांशी जोडलेले आहेत. अध्यापक महाविद्यालयात अर्धं आयुष्य गेल्यामुळे मला यातला दुसरा भाग जास्त जवळचा आहे, पण पहिल्याशिवाय तो समजणार नाही.

शिकागो विद्यापीठाची स्थापना १८९० ची, वर्ग भरू लागले १८९२ मध्ये. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी १८९४ साली मिशिगनहून जॉन ड्यूई यांना बोलावून घेतलं. ड्यूई तेव्हा ३४ वर्षांचे होते. त्यांच्याकडे तत्त्वज्ञानाचा विभाग आला. मानसशास्त्र आणि शिक्षणशास्त्र त्यातच होतं. पुढच्याच वर्षी शिक्षणशास्त्राचा स्वतंत्र विभाग झाला आणि त्याचेही प्रमुख ड्यूईच. ड्यूईंचा आग्रह असा की भौतिकशास्त्राच्या विभागाला प्रयोगशाळा लागते, तशी शिक्षणशास्त्राच्या विभागाला शाळा लागते. जानेवारी १८९६ मध्ये १६ मुलं घेऊन ती शाळा सुरू झाली. पाच-सहा वर्षांत मुलं १४० झाली आणि शिक्षक २३.

इथे जरा थांबायला हवं, कारण आपल्याकडच्या पाठ्यपुस्तकांत 'ड्यूईंची प्रयोगशाळा शाळा' एका ओळीत उरकतात आणि विद्यार्थ्यांच्या डोळ्यांसमोर आपली सराव शाळा येते. दोन्हींत फार अंतर आहे. सराव शाळेत छात्राध्यापक ठरलेली पद्धत गिरवायला जातात. मार्गदर्शक मागच्या बाकावर निरीक्षण वही घेऊन बसतो. ड्यूईंच्या शाळेत पद्धत ठरलेलीच नव्हती. मूल कसं शिकतं याबद्दलचा एखादा विचार वर्गात नेऊन पाहायचा, शिक्षकांनी त्याची लेखी नोंद ठेवायची, आठवड्याच्या बैठकीत त्यावर बोलायचं, आणि चुकलं असेल तर विचारच दुरुस्त करायचा. नव्या शिक्षकांचा हात बसवणं हा त्या शाळेचा मुख्य हेतू नव्हता.

त्या शाळेतला एक प्रसंग ड्यूईंनी स्वतः १८९९ च्या व्याख्यानांत सांगितला आहे. विदर्भ-मराठवाड्यातल्या शिक्षकांना तो लगेच समजेल. मुलांच्या हातात कच्ची लोकर आणि कापसाची बोंडं दिली. पूर्वी लोक लोकरीचे कपडे जास्त का वापरत आणि कापसाचा उद्योग इतका उशिरा का वाढला, हे शोधायचं होतं. एका गटाने बोंडातून आणि सरकीतून तंतू हाताने सोडवायला घेतले. अर्धा तास खपून एक औंसही कापूस निघाला नाही. हाताने सरकी काढायची तर एका माणसाचा दिवसभरात एखादाच पौंड कापूस होत असणार, यावर मुलांचा चटकन विश्वास बसला, कारण बोटं त्यांची दुखली होती. मग तंतूंची लांबी तपासली: कापसाचा साधारण एक तृतीयांश इंच, लोकरीचा तीन इंचांपर्यंत. लोकरीचे तंतू खडबडीत म्हणून एकमेकांना धरून राहतात आणि सूत कातणं सोपं जातं, हेही हातालाच कळलं. सरकी काढण्याचं यंत्र, सूतगिरण्या, त्यातून बदललेला समाज हे सगळं तिथून पुढे आलं. इतिहास, भूगोल, विज्ञान असे तास वेगळे पाडावेच लागले नाहीत. आपल्याकडे यवतमाळ-अकोल्यातलं मूल वेचणीच्या दिवसांत बोंडं हाताळतच असतं, आणि शाळेत 'कापूस हे नगदी पीक आहे' एवढं वाक्य पाठ करतं. माझ्या दृष्टीने ड्यूई शिकवायचे तर इथून शिकवायचे.

बाकांची गोष्टही त्यांनीच सांगितली आहे. शाळेसाठी योग्य टेबलं-बाकं हवी म्हणून ते दुकानं हिंडले. एक दुकानदार म्हणाला की तुम्हाला हवं ते आमच्याकडे मिळणार नाही. मुलांनी काम करावं असं सामान तुम्हाला पाहिजे, हे सगळं ऐकण्यासाठी बनवलेलं आहे.

ही शाळा ड्यूईंच्या एकट्याच्या डोक्यातून चालली नाही, हेही सांगायला हवं, कारण आपल्या पेपरांत त्यांचंच नाव राहतं. त्यांच्या पत्नी ॲलिस चिपमन ड्यूई शाळेच्या मुख्याध्यापक झाल्या. एला फ्लॅग यंग शिकागोच्या सरकारी शाळांत वर्षानुवर्षं काम करून पन्नाशीनंतर ड्यूईंकडे पीएच.डी. करायला आल्या आणि शाळेतल्या अध्यापनाची देखरेख त्यांनी सांभाळली. शिक्षकांना निर्णयात भाग हवा हा विचार ड्यूईंनी त्यांच्याकडून उचलला, आणि तसं ड्यूई उघड मान्य करत. याच बाई १९०९ साली शिकागो शहराच्या सगळ्या शाळांच्या अधीक्षक झाल्या. अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या शहरात त्या पदावर आलेल्या त्या पहिल्या स्त्री. शाळेत शिकवणाऱ्या दोघी बहिणींनी, कॅथरिन कॅम्प मेह्यू आणि ॲना कॅम्प एडवर्ड्स यांनी, पुढे १९३६ मध्ये शाळेचा सविस्तर वृत्तांत पुस्तकरूपाने लिहिला. वर्गात रोज काय चालायचं हे आज आपल्याला कळतं ते मुख्यतः त्यामुळे.

मग घोळ झाला. कर्नल फ्रान्सिस पार्कर हे शिकागोतले नावाजलेले शिक्षक-प्रशिक्षक. ॲनिटा मॅककॉर्मिक ब्लेन यांच्या मोठ्या देणगीवर त्यांची वेगळी संस्था उभी राहिली होती. हार्पर यांनी १९०१ मध्ये ती विद्यापीठात आणली आणि 'स्कूल ऑफ एज्युकेशन' सुरू झालं. आता विद्यापीठात दोन शाळा झाल्या: ड्यूईंची संशोधनासाठीची आणि पार्कर यांची शिक्षक घडवण्यासाठीची. १९०२ मध्ये पार्कर वारले, प्रमुखपद ड्यूईंकडे आलं, आणि १९०३ मध्ये दोन्ही शाळा एकत्र केल्या गेल्या. पार्कर यांच्याकडच्या शिक्षकांना ॲलिस ड्यूई मुख्याध्यापक म्हणून नको होत्या. त्यांची नेमणूक एकाच वर्षाची आहे असं हार्पर यांनी त्या मंडळींना सांगितलं होतं. ड्यूई दांपत्याला ते कायमची समजत होते. १९०४ मध्ये दोघांनी राजीनामे दिले. ड्यूई न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे १९१३ साली पोचलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ते शिक्षक म्हणून लाभले, तो धागा मराठी वाचकांना ठाऊक आहेच. म्हणजे बाबासाहेबांना भेटलेले ड्यूई शिकागोच्या शाळेतून होरपळून निघालेले ड्यूई होते.

१९०९ मध्ये विभागाची सूत्रं चार्ल्स हबर्ड जड यांच्याकडे आली आणि १९३८ पर्यंत राहिली. जड यांचा जन्म १८७३ चा, आपल्या बरेलीतला; आईवडील अमेरिकन मिशनरी. पीएच.डी. लाइपझिगला, प्रायोगिक मानसशास्त्राचा पाया घालणाऱ्या वुंट यांच्याकडे. स्वभावाने आणि शिक्षणाने ते प्रयोगशाळेतले मानसशास्त्रज्ञ. शिक्षणाचं शास्त्र व्हायचं असेल तर मोजमाप हवं, आकडे हवेत, शाळांची पद्धतशीर पाहणी हवी, असं त्यांचं ठाम मत. प्राथमिक शिक्षक घडवण्यापेक्षा अधीक्षक, मुख्याध्यापक आणि संशोधक घडवण्याकडे विभाग वळला. वाचनावर आयुष्यभर काम करणारे विल्यम ग्रे, हस्ताक्षरावर आणि जुळ्या मुलांवर संशोधन करणारे फ्रँक फ्रीमन हे याच काळातले.

ड्यूईंनी बांधलं आणि जड यांनी मोडलं, असं बरेच जण लिहितात. मला ते पटत नाही. विद्यापीठाच्या शिक्षण विभागाने सामान्य शिक्षकांच्या फौजा तयार करायच्या नसून शिक्षणक्षेत्राचं नेतृत्व करणारी माणसं तयार करायची, हे ड्यूईंनीच १८९६ मध्ये मांडलं होतं. दुराव्याचं बी त्यात होतंच. फरक एवढा की ड्यूईंकडे रोज भरणारी शाळा संशोधनाच्या मधोमध होती. जड यांच्या काळात शाळा चालू राहिली, पण विभागाचं मुख्य काम तिच्याबाहेर गेलं.

शिवाय जड यांचा एक प्रयोग असा आहे की तो मी प्रत्येक तुकडीला सांगत आलो. शिकागोला येण्याच्या आदल्या वर्षी, १९०८ मध्ये, तो छापून आला. पाचवी-सहावीच्या मुलांनी पाण्याखाली ठेवलेल्या लक्ष्यावर नेम धरून बाण फेकायचे. एका गटाला आधी प्रकाशाचं अपवर्तन नीट समजावून दिलं, दुसऱ्याला काहीच सांगितलं नाही. लक्ष्य १२ इंच खोल असताना दोन्ही गट सारखेच. सराव करूनच नेम जमला, समजावल्याचा काही फायदा दिसेना. मग पाणी कमी करून खोली ४ इंचांवर आणली. न सांगितलेला गट गडबडला, जुन्याच अंदाजाने फेकत राहिला. तत्त्व समजलेल्या मुलांनी पटकन जुळवून घेतलं. बी.एड.च्या पुस्तकात हा 'सामान्यीकरणाचा सिद्धांत' म्हणून अध्ययन संक्रमणाच्या, म्हणजे एका ठिकाणी शिकलेलं दुसरीकडे कसं वापरलं जातं याच्या, प्रकरणात चार ओळींत असतो.

आता हा प्रयोग पाठटाचणाला, म्हणजे छात्राध्यापकाने पाठाआधी लिहिलेल्या आराखड्याला, लावून पाहा. दहावीच्या विज्ञानात अपवर्तनाचा धडा आहे. छात्राध्यापक 'उपयोजन' हे उद्दिष्ट लिहितो, आणि मूल्यमापनात विचारतो: पाण्यातली पेन्सिल वाकडी का दिसते? हे उदाहरण त्याने दहा मिनिटांपूर्वी स्वतःच फळ्यावर सोडवलेलं असतं. मुलं बरोबर उत्तर देतात, उद्दिष्ट साध्य झाल्याची खूण होते. जड यांच्या भाषेत सांगायचं तर ती १२ इंचांवरचीच चाचणी आहे. खोली बदलायची असेल तर विचारावं लागेल की विहिरीत डोकावणाऱ्या माणसाला पाण्याखालचा तळ खरा आहे त्यापेक्षा वर दिसेल की खाली, किंवा पाण्यातल्या माशाला काठावरचा माणूस कसा दिसत असेल. उद्दिष्टाच्या रकान्यात उपयोजन लिहिणाऱ्या प्रत्येकाला मी एवढं एकच विचारतो: तुझ्या प्रश्नात पाण्याची खोली बदलली का?

१९३१ साली विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट हचिन्स यांच्या फेररचनेत 'स्कूल ऑफ एज्युकेशन' संपलं आणि शिक्षण विभाग सामाजिक शास्त्रांच्या शाखेत एक पदव्युत्तर विभाग म्हणून गेला. त्या वेळी ही बढतीच वाटली असणार: अर्थशास्त्र, समाजशास्त्र, राज्यशास्त्र यांच्या पंगतीत मान मिळाला. पण विभागाच्या इतिहासातलं सगळ्यात निर्णायक वळण मी हेच मानतो. आता त्याचा न्याय करणारी मंडळी शाळेतली राहिली नाहीत. मधे १९५८ पासून १९७५ पर्यंत पदव्युत्तर शिक्षणशास्त्राची स्वतंत्र शाखा पुन्हा काढून पाहिली, तीही मिटली आणि विभाग परत तिथेच आला.

विभागाचा सगळ्यात फलदायी काळ मात्र याच वळणानंतरचा. राल्फ टायलर जड यांचेच विद्यार्थी, १९२७ चे पीएच.डी.; १९३८ मध्ये ते विभागप्रमुख म्हणून परतले. त्याआधीपासून ते 'आठ वर्षांच्या अभ्यासा'चं मूल्यमापन सांभाळत होते. सुमारे तीस माध्यमिक शाळांना महाविद्यालयीन प्रवेशाच्या अटींतून सूट मिळाली होती आणि त्यांनी आपापला अभ्यासक्रम बसवायचा होता. टायलर आणि त्यांचे सहकारी त्या शाळांतल्या शिक्षकांबरोबर बसत आणि विचारत: या विषयातून मुलांत काय बदल व्हावा असं तुम्हाला वाटतं? तो बदल झाला हे तुम्ही कशावरून ओळखाल? शिक्षक बोलत जात, त्यातून उद्दिष्टं ठरत आणि उद्दिष्टांवरून चाचण्या. टायलर यांचे प्रसिद्ध चार प्रश्न, म्हणजे उद्दिष्टं कोणती, त्यासाठी अनुभव कोणते, त्यांची रचना कशी आणि ती साध्य झाली हे कसं कळणार, हे अशा बैठकांत घासून तयार झाले. १९४९ चं त्यांचं छोटं पुस्तक मुळात शिकागोतल्या एका पदव्युत्तर कोर्सचं टिपण. शाळा दूर गेली असली तरी टायलर यांच्यापर्यंत शिक्षकांचा आवाज विभागात पोचत होता.

बेंजामिन ब्लूम टायलर यांचे विद्यार्थी आणि मदतनीस. १९४२ मध्ये पीएच.डी., आणि १९४३ पासून १९५९ पर्यंत ते शिकागो विद्यापीठाचे परीक्षक होते. हे पद नीट समजून घ्या, कारण ब्लूम यांचं वर्गीकरण त्यातून आलं. शिकागोच्या पदवी महाविद्यालयात शिकवणारा प्राध्यापक वेगळा आणि सर्वसमावेशक परीक्षा घेणारं मंडळ वेगळं अशी व्यवस्था होती. देशभरातल्या अशा परीक्षकांची १९४८ मध्ये बॉस्टनला मानसशास्त्रज्ञांच्या अधिवेशनात अनौपचारिक भेट झाली. प्रश्नपेढ्यांची देवघेव करायची तर 'आकलन' म्हणजे तुझ्याकडे काय आणि माझ्याकडे काय, हे आधी ठरवायला हवं, असं निघालं. आठ वर्षांनी, १९५६ मध्ये, ज्ञान, आकलन, उपयोजन, विश्लेषण, संश्लेषण, मूल्यमापन या सहा पायऱ्यांचं पुस्तक आलं. ते टायलर यांना अर्पण केलेलं आहे. प्रश्न तयार करणाऱ्यांनी प्रश्नांची वर्गवारी करण्यासाठी केलेलं ते काम होतं. उद्या सकाळी सातवी 'ब' ला कसं शिकवायचं, याचं उत्तर देण्याचा त्याचा दावा नव्हता.

भारतात ते कसं आलं? माध्यमिक शिक्षणावरच्या मुदलियार आयोगाने १९५२-५३ मध्ये परीक्षापद्धतीवर कडक टीका केली होती. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ब्लूम भारतात आले, ठिकठिकाणी शिक्षकांच्या आणि परीक्षकांच्या कार्यशाळा झाल्या, केंद्रीय परीक्षा घटक उभा राहिला, आणि त्यातल्या अधिकाऱ्यांना शिकागोला पाठवून प्रशिक्षण दिलं गेलं. १९६१ मध्ये एनसीईआरटी ही शालेय शिक्षणाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाल्यावर हे काम तिच्याकडे गेलं. तिथून राज्यांच्या परीक्षा मंडळांकडे, तिथून अध्यापक महाविद्यालयांकडे. संविधान तक्ता (प्रश्नपत्रिकेचा आराखडा), घटक चाचणी, उद्दिष्टे आणि स्पष्टीकरणे ही आपली रोजची भाषा त्या वाटेने आली. घोकंपट्टीवरच्या प्रश्नपत्रिकांना त्यामुळे चाप बसला, हे मोठं काम झालं आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

या साखळीतलं एक नाव आपल्याकडे जवळजवळ कोणी घेत नाही: रवींद्र दवे. त्यांनी १९६३ मध्ये शिकागोतून पीएच.डी. केली. विषय होता मुलाच्या घरातलं वातावरण आणि त्याची शैक्षणिक प्रगती यांचा संबंध. आईवडिलांचं शिक्षण किती, मिळकत किती एवढं विचारून न थांबता, घरात मुलाशी बोलतात कसं, वाचायला-करायला काय मिळतं, अभ्यासाकडे लक्ष कोण देतं अशा घडणाऱ्या गोष्टी मोजायचा तो प्रयत्न होता. क्रियात्मक क्षेत्राचं, म्हणजे हाताच्या कौशल्यांचं, अनुकरण, हाताळणी, अचूकता वगैरे पायऱ्यांचं वर्गीकरण आपण शिकतो, तेही दवे यांचंच. पुढे हॅम्बुर्गच्या युनेस्को शिक्षण संस्थेचे ते संचालक झाले. आणि १९९० मध्ये भारतातल्या प्राथमिक शाळांसाठी 'किमान अध्ययन पातळी' ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्षही तेच. नव्वदच्या दशकात जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला असलेल्या प्रत्येक गुरुजींना आणि बाईंना क्षमतांचे ते क्रमांक आठवत असतील. प्रत्येक मुलाने ठरलेली पातळी गाठलीच पाहिजे, वेळ कमीजास्त लागला तरी चालेल, हा त्यामागचा विचार ब्लूम यांच्या १९६८ च्या प्रभुत्व अध्ययनाशी थेट नातं सांगतो. शिकागोच्या एका इमारतीतला विचार गडचिरोलीच्या द्विशिक्षकी शाळेतल्या नोंदवहीपर्यंत पोचला, तो एका विद्यार्थ्यामार्फत.

पोचता पोचता त्याचं काय झालं, हे मी जवळून पाहिलं आहे. वेळ कमीजास्त लागेल हा गाभा गळाला, कारण वेळापत्रक आणि तपासणीची तारीख सगळ्यांना एकच होती. राहिले ते क्रमांक आणि बरोबरच्या खुणा. पाठटाचणातही तसंच झालं. 'विद्यार्थी फरक स्पष्ट करतो, उदाहरणे देतो, वर्गीकरण करतो' ही वाक्यं गेल्या वर्षीच्या वहीतून या वर्षीच्या वहीत उतरतात. टायलर यांनी शिक्षकांना विचारलेला प्रश्न होता, 'तुम्हाला काय बदल हवा?' आपल्याकडे तो प्रश्न कोणी विचारतच नाही. उत्तरांची यादी मात्र सगळ्यांना छापील मिळते. याचा दोष मी छात्राध्यापकांना देत नाही. तीस पाठ ठरलेल्या आठवड्यांत संपवायचे असले की कोणीही हेच करील.

विभागातली आणखी काही नावं भराभर सांगतो. रॉबर्ट हॅविगहर्स्ट यांची विकासात्मक कार्यं, म्हणजे त्या त्या वयात माणसाने साधायच्या गोष्टी, तुमच्या मानसशास्त्राच्या पेपरात आहेत. जोसेफ श्वाब यांनी १९६९ पासून सांगायला सुरुवात केली की अभ्यासक्रमाचा अभ्यास सिद्धांतांच्या मागे लागून मरणपंथाला लागला आहे, त्याने प्रत्यक्ष वर्गाकडे, तिथल्या निर्णयांकडे वळावं. त्यांचे विद्यार्थी ली शुलमन. आशय आणि अध्यापन यांच्या सांध्यावरचं शिक्षकाचं ज्ञान हा त्यांचा विचार आपल्या 'आशययुक्त अध्यापन पद्धती'च्या अगदी शेजारचा आहे. फिलिप जॅक्सन यांनी प्राथमिक वर्गांत बसून १९६८ मध्ये लिहिलं की शाळेत मूल आणखी एक अभ्यासक्रम शिकतं: रांगेत थांबणं, गर्दीत गप्प राहणं, सतत कोणीतरी आपल्याला जोखतंय हे सहन करणं. 'छुपा अभ्यासक्रम' तो हाच. बेंजामिन राइट यांनी प्रश्नाची काठिण्यपातळी आणि विद्यार्थ्याची क्षमता एकाच मापावर मांडणाऱ्या, चाचण्यांच्या रॅश प्रतिमानाचा जगभर प्रसार इथूनच केला.

एवढं असूनही बंद का पडला? १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात सामाजिक शास्त्र शाखेच्या अधिष्ठात्यांनी विभाग बंद करण्याची शिफारस केली. कारण दाखवलं गेलं दर्जाचं: संशोधनाची पातळी सगळीकडे सारखी नाही, विभागाला एकसंध दिशा नाही, आणि तो नव्याने उभा करायला लागणारी गुंतवणूक विद्यापीठाला योग्य वाटत नाही. निवृत्त झालेल्यांच्या जागा आधीच भरल्या जात नव्हत्या. असलेल्या विद्यार्थ्यांना पदव्या पूर्ण करू दिल्या आणि २००१ मध्ये दार लागलं. ब्लूम त्याच्या दोन वर्षं आधी वारले होते. योगायोग असा की त्यांच्या वर्गीकरणाची सुधारित आवृत्ती त्याच २००१ साली निघाली, आणि तिचे एक संपादक लोरिन अँडरसन ब्लूम यांचेच शिकागोतले विद्यार्थी.

दर्जाचा मुद्दा खोटा होता असं मी म्हणणार नाही. मोठी पिढी निवृत्त झाली की विभाग उतरतो, हे आपण आपल्याकडेही पाहतो. पण कोणत्या मापाने मोजलं, हे विचारलं पाहिजे. अर्थशास्त्राचा विभाग उतरला असता तर शिकागोने तो बंद केला नसता, माणसं आणून तो सावरला असता. शिक्षण विभागाबद्दल तसं वाटलं नाही, कारण त्याचं वेगळं काम काय हे सांगता येत नव्हतं. शिक्षक प्रशिक्षण त्याच्या मध्यभागी राहिलं नव्हतं. प्रयोगशाळा शाळा वेगळी चालत होती आणि मुख्यतः प्राध्यापकांच्या आणि सुखवस्तू घरांतल्या मुलांची झाली होती. उरलं संशोधन, आणि मानसशास्त्र, समाजशास्त्र, संख्याशास्त्र यांतलं संशोधन त्या त्या विभागांतही होतच होतं.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात मोठा आधार म्हणजे बंद झाल्यानंतर काय उरलं ते. १९९० मध्ये अँथनी ब्राइक आणि सहकाऱ्यांनी शिकागो शहराच्या सरकारी शाळांवर सातत्याने संशोधन करणारा एक गट सुरू केला होता. तो टिकला आणि वाढला. १९९८ मध्ये विद्यापीठाने शहराच्या दक्षिण भागात सार्वजनिक निधीवरची, प्रामुख्याने कृष्णवर्णीय मुलांची एक शाळा चालवायला घेतली, मग आणखी काही. त्यांना जोडून शहरी शाळांसाठी शिक्षक घडवण्याचा कार्यक्रम सुरू झाला. १९८३ पासूनचा शालेय गणिताचा प्रकल्प, ज्याची पुस्तकं अमेरिकेतल्या असंख्य वर्गांत गेली, तोही विभागाच्या मागे उरला. ड्यूईंची शाळा तर आजही भरते. ज्याचा ज्याचा शाळेशी रोजचा व्यवहार होता ते सगळं जगलं.

आता प्रश्नाचा दुसरा भाग: मग आपण हे अजून का शिकतो? शिकलंच पाहिजे, कारण आपली प्रश्नपत्रिका, पाठटाचण आणि अभ्यासक्रमाची भाषा यांची घडण तिथली आहे; ती कुठून आली हे माहीत नसेल तर ती बदलताही येणार नाही. फक्त शिकवण्याचा क्रम बदलावा असं मला वाटतं. ब्लूम यांच्या सहा पायऱ्या पहिल्याच महिन्यात पाठ करून घेण्याऐवजी आंतरवासितेत छात्राध्यापकांना एक घटक द्यावा, शाळेतल्या त्या विषयाच्या बाईंबरोबर बसवावं आणि टायलर यांचे दोन प्रश्न विचारू द्यावेत: मुलांत काय बदल हवा, आणि तो झाला हे कशावरून कळेल. त्यातून जी वाक्यं निघतील ती त्यांच्याच शब्दांत लिहू द्यावीत. मग ब्लूम दाखवावेत. हे मी करून पाहिलं आहे. उद्दिष्टं कमी निघतात, पण त्यांतलं एकही वाक्य मागच्या वहीतलं नसतं.

प्रश्न विचारणारीने लघुप्रबंधाचा विषय शोधत असल्याचंही लिहिलं आहे. तिच्यासाठी सुचवणी: शिकागो विभागाचा इतिहास असा विषय घेऊ नकोस, त्याची कागदपत्रं तिकडे आहेत आणि तिकडच्या लोकांनी ती चाळलेली आहेत. आपल्याकडचं टोक धर. तुझ्या जिल्ह्यात १९९० ते २००५ या काळात शिकवलेले, आता निवृत्त झालेले आठ-दहा प्राथमिक शिक्षक गाठ. किमान अध्ययन पातळीचं प्रशिक्षण त्यांना काय सांगून दिलं गेलं, नोंदवह्या कशा भरल्या, मागे पडलेल्या मुलाला जास्त वेळ देणं कोणाला कसं जमलं, हे त्यांच्याकडून ऐक. कोणाकडे त्या काळच्या वह्या किंवा प्रशिक्षणाच्या पुस्तिका शिल्लक असतील तर त्यांची छायाचित्रं घे, कारण शाळांच्या दप्तरातून त्या कधीच रद्दीत गेल्या आहेत. दवे समितीचा अहवाल शेजारी ठेव आणि दोन्हींत कुठे काय गळलं ते पाहा. सुरुवात घाईने कर. ही माणसं आता सत्तरीकडे आली आहेत.